बघू म्हणायचं नाही

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आला! माझ्याच टेबलावर आला! एवढं मोठं परिवहन खातं, इतके अधिकारी, आणि धाकटीचा सभागृहातला पहिला प्रश्न बरोब्बर माझ्या पुढ्यात.

निवडून येऊन वर्षसुद्धा झालं नाही अजून. नवे आमदार पहिल्या अधिवेशनात बाक कुठला नि कँटीन कुठलं एवढंच शोधत फिरतात. हिनं थेट तारांकित प्रश्न टाकलाय. म्हणजे मंत्र्यांना सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागणार, वर उपप्रश्नही झेलावे लागणार. आणि भाषा बघा हिची: "(१) टेकडी वसाहत ते मोठे रुग्णालय ही पहाटेची बसफेरी बंद करण्यात आली आहे, हे खरे आहे काय? (२) असल्यास, त्यामुळे रुग्णांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय? (३) असल्यास, फेरी केव्हा सुरू होणार? (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" एक शब्द इकडचा तिकडे नाही! कुणी शिकवलं? मी तर नाही. ती निवडून आली त्याच दिवशी ठरलंय आमचं, घरात ऑफिस नाही आणि ऑफिसात घर नाही.

आमदारांच्या प्रश्नांना उत्तरं लिहिण्यात माझी नोकरी गेली. ऑफिसात मला कुलूपबाई म्हणतात. पाठीमागे म्हणतात, पण मला कळतं. आणि खरं सांगू? आवडतं! माझ्या उत्तरात बोट घालायला फट म्हणून सापडत नाही. आता त्या कुलपाशी खटपट करायला सख्खी बहीण आली.

ह्यांना सांगितलं तर वर्तमानपत्राआडून म्हणाले, "म्हणजे आता घरात महायुद्ध." म्हटलं, कसलं युद्ध? भाजी चिरताना एकटीच हसत होते मी.

१९ फेब्रुवारी, बुधवार

उपसचिवांना जाऊन सरळ सांगितलं — प्रश्न विचारणारी माझी धाकटी बहीण आहे, उत्तर दुसऱ्या कुणाला द्या लिहायला.

ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकं घट्ट कोण लिहिणार? उलट लोक म्हणतील, बाईंनी सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही!"

माणूस मोठा गोड हसतो. असं हसला की पुढच्या वेळी कुणाच्या तरी पायाखालची फळी सरकलेली असते. तरी कौतुक ऐकून बरं वाटलंच. काय करणार, स्वभाव!

२३ फेब्रुवारी, रविवार

टेकडीवर गेले होते आत्याकडे. आई-वडील गेल्यावर आम्हां दोघींना हिनंच वाढवलं, शिलाई मशीन चालवून. धाकटी अजून तिच्याबरोबरच राहते. आज ती मतदारसंघात फिरत होती, त्यामुळे आम्ही दोघीच.

आत्याचे पाय सुजलेत. चांगलेच. दाबलं की खळगा पडतो.

पहाटेच्या बसनं ही मंडळी डायलिसिसच्या पहिल्या पाळीला जायची. बस गेली, तेव्हापासून टेकडी उतरून हमरस्त्यापर्यंत चालत जायचं, तिथून मिळेल ती गाडी. पोचेपर्यंत पहिली पाळी अर्धी झालेली. मशीन पुढच्या माणसाला द्यावंच लागतं. म्हणजे हिचं रक्त अर्धवट साफ होतं आणि ही तशीच घरी येते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, असं चाललं तर फार दिवस चालणार नाही. हे सगळं आत्यानं मला चहात साखर टाकता टाकता सांगितलं!

मी भडकले. म्हटलं, रिक्षा लावून देते म्हटलं तर रिक्षा परत पाठवतेस. धाकटीच्या गाडीत बसत नाहीस. हट्टाला काही सुमार?

"अगं थोरले, आम्ही सहा जण जायचो एका बसनं. धाकटीच्या गाडीत सहा मावतात का? मी मागच्या सीटवर ऐटीत बसू आणि पोस्टमास्तर काठी टेकत रस्त्यानं चालताना काचेतून बघू?"

"मग आधी तू जग तरी!"

"सहाचे पाच झालेत आम्ही," ती म्हणाली. "सुतार गेले. तुला सांगितलं नव्हतं."

सुतारांना मी ओळखत होते. आमच्या दाराची कडी त्यांनीच बसवलेली. शेवटी शेवटी ते चालवत नाही म्हणून पाळ्या चुकवायला लागले होते म्हणे. आत्या मग मशीनवर जाऊन बसली आणि कुणाचा तरी परकर शिवायला घेतला. पाय सुजलेले, तरी मशीनचं पायडल चालू. बोलायचं नसलं की ती हेच करते, माझ्या लहानपणापासून.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर लिहिलं. तीनदा खोडलं. चौथ्यांदा असं:

"(१) हे अंशतः खरे आहे. सदर दैनंदिन बसफेरी बंद करण्यात आलेली नसून, बसगाड्यांच्या तुटवड्यामुळे तात्पुरती स्थगित ठेवण्यात आली आहे. (२) हे खरे आहे. (३) बसगाड्यांच्या उपलब्धतेनुसार. (४) प्रश्न उद्भवत नाही."

उपसचिवांनी दुसऱ्यावर लाल रेघ मारली. "हे खरे आहे असं कधी लिहितात का मॅडम? तुम्हीच आम्हाला शिकवलंत. 'हे खरे नाही' लिहा."

म्हटलं, "लिहा. मग ती त्या रुग्णांना प्रेक्षक गॅलरीत आणून बसवेल आणि अध्यक्षांना म्हणेल, महोदय, जरा वर बघा. मी ओळखते तिला."

रेघ खोडली त्यांनी. माझ्या आयुष्यातलं पहिलं "हे खरे आहे"! छापून आलं की कापून ठेवणार आहे.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

धाकटीचा फोन. दोघीही हवापाण्यावर बोललो. इतकं हवापाण्यावर आम्ही जन्मात बोललो नव्हतो.

३ मार्च, सोमवार

साहेबांची शिकवणी.

आमच्या मंत्र्यांना सगळं खातं बघूसाहेब म्हणतं. माणूस देवमाणूस, पण नाही म्हणणं त्यांच्या जिभेवर येतच नाही. पूल हवा? बघू! थांब्यावर छप्पर हवं? करून टाकू! आणि पंचाईत अशी की मंत्र्यानं सभागृहात म्हटलेलं "बघू", "तपासून घेतो", "करतो" — सगळं आश्वासन म्हणून नोंदलं जातं. मग आश्वासन समिती बसते, पत्रं येतात, काय झालं त्या शब्दाचं? नव्वद दिवसांत पूर्तता करा! ती पत्रं येतात कुणाकडे? माझ्याकडे. म्हणून प्रत्येक अधिवेशनाआधी मी साहेबांना दालनात बसवून सराव घेते. मी आमदार होते, ते मंत्री.

"बस कधी सुरू होणार?" मी.

"बघू— नाही नाही. उपलब्धतेनुसार."

"पण साहेब, लोक फार त्रासात आहेत हो."

"अरेरे! मग तर लगेच—"

"साहेब!"

"उपलब्धतेनुसार," साहेब पडेल आवाजात म्हणाले. शाळेत हातावर पट्टी बसल्यासारखा चेहरा.

हसू आवरलं. मनात मात्र आत्याच्या घरचं आठवत होतं. लहानपणी धाकटी काही मागायला आली की मी टाळायला "बघते" म्हणायचे. ही लगेच आतल्या खोलीकडे ओरडायची, "आत्या, ताई बघते म्हणाली!" आणि आत्या मशीन न थांबवता निकाल द्यायची, "म्हणालीस ना? मग कर आता." आमच्या घरची आश्वासन समिती! तिच्यापुढे अपील नव्हतं. बघते म्हणायचं नाही, हे मी नोकरीत नाही, त्या घरात शिकले.

५ मार्च, बुधवार

उद्या. प्रश्नोत्तराच्या तासात दुसऱ्या नंबरवर आहे. पहिला पाणीपुरवठ्याचा, तो लांबला नाही तर आमचा येणार.

आत्याची आजही पाळी अर्धीच झाली. धाकटीनं कळवलं — तेवढंच, बाकी एक शब्द नाही. गळ्यापर्यंत आलं होतं की सांगावं, तिसऱ्यावर जोर दे, तिथं आमचं उत्तर कच्चं आहे. नाही सांगितलं. तिनंही नाही विचारलं. एकाच ताटात जेवून मोठ्या झालेल्या दोघी, आणि एकमेकींपासून पत्ते लपवतोय! तरी तिचा अभिमान वाटला. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, हे तिला नक्की माहीत आहे. म्हणूनच विचारलं नाही.

हे म्हणाले, "उद्या तू कुणाच्या बाजूनं?" म्हटलं, सरकारच्या. पगार घेते. हे नुसतेच हसले. हसू दे.

६ मार्च, गुरुवार

सगळं लिहून काढते. एक शब्द विसरायचा नाही मला.

पाणीपुरवठ्याचे मंत्री चिडले, त्यामुळे तो प्रश्न लवकर आटोपला. मग अध्यक्षांनी आमचा क्रमांक पुकारला. धाकटी उठली. आत्यानं शिवलेलं निळं जाकीट घातलं होतं. आत्याच्या पद्धतीनं खिसा आतल्या बाजूला. मी अधिकाऱ्यांच्या गॅलरीत, पुढ्यात कोऱ्या चिठ्ठ्या, शेजारी उपसचिव. साहेब अडले की चिठ्ठी लिहायची, शिपाई ती नेऊन देतो.

पहिला उपप्रश्न: "तात्पुरती म्हणजे काय? बस जाऊन आठ महिने झाले. मंत्री महोदयांच्या घरी पाणी आठ महिने आलं नाही, तर त्याला ते तात्पुरतं म्हणतील का?"

साहेब: "उपलब्धतेनुसार." शाब्बास!

दुसरा: "याच काळात प्रदर्शनाच्या मैदानाकडे नव्या गाड्या सोडल्या. त्या रिकाम्या फिरतात. त्या उपलब्ध नाहीत का?"

हा चांगला होता. फारच चांगला. मी पटकन चिठ्ठी लिहिली — करार वेगळा आहे, माहिती गोळा करण्यात येत आहे. साहेबांनी वाचून दाखवलं. निसटले. मी इकडे घामाघूम. कुलूप टिकलं खरं, पण बिजागरी कुरकुरली.

अध्यक्ष म्हणाले, "शेवटचा उपप्रश्न." आणि धाकटीचा आवाज बदलला. मऊ झाला.

हा आवाज मी ओळखते! "ताई, तू दमली असशील ना? तुझी सायकल मी जागेवर ठेवून येऊ?" असं म्हणायची तो आवाज. मग सायकल आणि ही, दोन्ही संध्याकाळपर्यंत बेपत्ता.

"अध्यक्ष महोदय," ती म्हणाली, "मंत्री महोदयांनी लेखी सांगितलंय की ही बस बंद केलेलीच नाही. मला फार आनंद झाला." सभागृह हसलं. "मग माझी एक साधी विनंती आहे. मंत्री महोदय एकदा माझ्याबरोबर त्या बसनं टेकडीवरून रुग्णालयापर्यंत येतील का? आमचे रुग्ण त्यांच्यासाठी जागा धरून ठेवतील."

उपसचिव हसत होते. एवढंच? पाहुणचाराचं आमंत्रण! त्यांना कळलंच नाही. मला कळलं. येतो म्हणाले की ते आश्वासन. बस बंद नाही हे आम्हीच लिहून दिलेलं. म्हणजे साहेबांना त्या बसमध्ये बसावं लागणार, आणि बसायला आधी बस लागणार!

एका मनानं म्हटलं, नको लिहूस. पेन खाली ठेव, खोकल्याची उबळ आण आणि मागाहून म्हण, लक्षात नाही आलं. कुणाला कळणार होतं? पण मी त्या गॅलरीत सरकारच्या खुर्चीवर बसले होते. आत्यानंच शिकवलंय, शिवायला घेतलेलं कापड दुसऱ्याचं असलं तरी टाका सरळच घालायचा. लिहिलं मी — "प्रवासाला होकार देऊ नये. आश्वासन ठरेल." शिपायाच्या हातात दिली. साहेबांच्या हातात पडलेली डोळ्यांनी पाहिली.

साहेब उठले. चेहरा उजळलेला. "अध्यक्ष महोदय, बहिणीनं बोलवावं आणि भावानं जाऊ नये, असं होईल का? येईन! आणि एकदाच का? दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी येत जाईन!"

दोन्ही बाजूंनी बाकं वाजली. धाकटी त्या गोंधळात शांतपणे म्हणाली, "अध्यक्ष महोदय, हे आश्वासन समजायचं ना?" आणि अध्यक्ष म्हणाले, "शब्द सभागृहात दिला आहे. नोंद होईल."

तेव्हा शेजारच्या उपसचिवांचं हसू मावळलं.

माझी बहीण! टाळ्या वाजवायला हात नुसते शिवशिवत होते. अधिकाऱ्यांच्या गॅलरीत बंदी आहे. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले, आणि डोळ्यांत पाणी. उपसचिवांना वाटलं, हरले म्हणून रडते. वाटू दे.

७ मार्च, शुक्रवार

आज सकाळी उपसचिव सगळ्यांसमोर म्हणाले, "आतून कुणी सांगितल्याशिवाय नव्या आमदाराला एवढं कळतं होय? घरातलीच गोष्ट असेल."

माझ्यावर! कुलपावर! इतकी वर्षं एक शब्द या भिंतीबाहेर गेला नाही माझ्या तोंडून. कानशिलं तापली. म्हटलं, चला साहेबांकडे. आत्ताच्या आत्ता. मान खाली घालून घरी जाणारी बाई मी नव्हे.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोटाच्या खिशातून कालची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. "बाईंनी तर मला अडवलं होतं. हे बघा, अक्षर त्यांचंच ना? हो मी म्हणालो. दोष द्यायचा तर मला द्या."

उपसचिवांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, गैरसमज झाला. मीही म्हटलं, होतात. मोठ्या मनाची आहे मी! बाहेर आल्यावर मात्र बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ.

११ मार्च, मंगळवार

हा माणूस काही स्वस्थ बसायचा नाही. आज उपसचिवांनी तोडगा काढला. साहेब पहिल्या सोमवारी येतो म्हणालेत ना? मग महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक बस सोडायची! साहेब बसतील, फोटो निघेल, आश्वासनाची पूर्तता. बाकीचे दिवस स्थगित. "मॅडम, तसं टिपण तयार करा."

डोक्यात तिडीक गेली. आत्यानं काय महिन्यातून एकदा जगायचं? पण ओरडून टिपण थांबत नाही. शांतपणे छापील उत्तर काढलं आणि बोट ठेवलं. "सर, सभागृहाला आपण काय सांगितलंय? दैनंदिन बसफेरी, तात्पुरती स्थगित. स्थगिती एकदा उठली की फेरी दैनंदिनच. सोमवारी सोडून मंगळवारी बंद ठेवली, तर सभागृहाला खोटं सांगितलं असं होईल. हक्कभंग येईल, आणि तो साहेबांवर येईल."

"हा 'दैनंदिन' शब्द तुम्ही मुद्दाम घातलात!"

"नाही हो. बस रोज जायची. रोज जाणाऱ्या बसला दैनंदिनच म्हणतात."

आणि हे शंभर टक्के खरं आहे. डावपेच म्हणून नव्हता घातला मी तो शब्द. बरोबर शब्द तो होता म्हणून घातला. पण घातला मी! माझ्या कुलपाची किल्ली आज पहिल्यांदा आत्याच्या दाराला लागली. घरी येताना बसमधून उतरून एक थांबा उगाचच चालत आले.

१४ मार्च, शुक्रवार

साहेबांची सही झाली. प्रदर्शनाच्या मैदानाची एक रिकामी गाडी टेकडीला, ७ एप्रिलपासून. रोज!

७ एप्रिल, सोमवार

पहिला सोमवार. मी काल रात्रीच आत्याकडे मुक्कामाला गेले होते. साहेबांबरोबर खात्याचं कुणीतरी हवंच, तेव्हा माझं जाणं रीतसर होतं.

बस थांब्यावर उभी. साहेब मफलर गुंडाळून, झोपाळलेले, तरी सगळ्यांना नमस्कार करत. चालकानं इंजिन चालू केलं नाही. साहेबांनी विचारलं, निघायचं ना?

"पोस्टमास्तर यायचेत," चालक म्हणाला. जुनाच चालक, याच फेरीवरचा. "सगळे आल्याशिवाय आमची गाडी हलत नाही." मंत्री बसलेत म्हणून काही फरक नाही! पोस्टमास्तर आले काठी टेकत, साहेबांकडे बघून म्हणाले, "अरे वा, आज गर्दी आहे." आणि आपल्या जागी जाऊन बसले.

साहेब चालकाच्या मागच्या खिडकीशी बसले होते. आत्या त्यांच्या शेजारी. ती म्हणाली, "बसा, बसा. ही जागा आमच्या सुतारांची. धरून ठेवली होती तुमच्यासाठी."

"ते कुठं आहेत?"

"गेले. बस गेली, मग ते गेले. दर वेळी अर्धीच पाळी मिळायची हो."

काही आरोप नाही, आवाज चढवणं नाही. हवापाण्याचं सांगावं तसं. साहेब उतारभर मफलर काढून मांडीवर घेऊन बसले. मला वाईट वाटलं त्यांचं, आणि सुतारांचंही, आणि मग एकदम सगळ्यांचंच.

धाकटी मागच्या दांड्याला धरून उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, तू चिठ्ठी पाठवलीस ना त्या दिवशी? मला समोरून दिसलं."

"पाठवली."

"मला वाटलंच. तू नसती पाठवलीस तर मलाच कसंतरी झालं असतं." एवढं बोलून गधडी खिडकीबाहेर बघत राहिली. मी तिच्या जाकिटाची कॉलर नीट केली. आमदार झाली तरी कॉलर वाकडी!

रुग्णालयाशी उतरताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. "बाई, एक सांगू? तुमची चिठ्ठी मी उठायच्या आधीच वाचली होती."

"मग?"

"आश्वासन ठरेल, असं लिहिलं होतंत ना? म्हटलं, ठरू दे." आणि मागून आलेल्या सरकारी गाडीत जाऊन बसले.

पाचही जण पहिल्या पाळीला वेळेवर. आत्याचं मशीन पुरं झालं. पुरं! मी बाहेर बाकावर बसून होते. असं काही न करता बसायला मला जमत नाही, आज जमलं.

५ मे, सोमवार

साहेब आजही आले. या वेळी न सांगता पोस्टमास्तरांसाठी थांबले. आत्याचे पाय उतरलेत. चप्पल पुन्हा बसते! तिनं ती सगळ्या बसला काढून दाखवली, मंत्र्यांनासुद्धा.

१६ मे, शुक्रवार

सरकार डळमळतंय. मित्रपक्ष रुसलाय म्हणे. ऑफिसात कुणाचंच कामात लक्ष नाही. साहेबांनी मात्र मला बोलावून एवढंच विचारलं, "मी नसलो तरी बस चालेल ना?" म्हटलं, दैनंदिन आहे साहेब.

२१ मे, बुधवार

सरकार बदललं. धाकटीनं आज शपथ घेतली. खातं — परिवहन. माझी मंत्री!

आत्या टीव्हीला नाक लावून बसली होती म्हणे. बघूसाहेबांचा मला फोन आला, "बाई, विरोधी बाकावरून पहिला प्रश्न माझाच. पहिल्या सोमवारी त्या येणार का, हे विचारणार आहे." आणि नवीन मंत्र्यांच्या कार्यालयाचा निरोप: उद्या सकाळी शिकवणी, सभागृहात काय बोलायचं नाही ते समजावून द्यावं.

नाही शिकवणार.